स्वमग्न मुलांचे उपचार आणि विमा



स्वमग्न मुलांच्या उपचारांचा खर्च विमा कंपन्यांनी द्यावा, असा कायदा इंडियाना राज्याने २००१ साली केला. आज अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत तसा नियम आहे. तरीही अनेक कुटुंबांना नकार मिळतो. कारण पुष्कळ मोठ्या कंपन्या हा खर्च स्वतःच्या निधीतून करतात. विमा कंपनी केवळ कागदपत्रे पाहते. अशा ‘सेल्फ-फंडेड’ योजनेस राज्याचा नियम लागू नसून १९७४ चा संघीय ‘एरिसा’ कायदा लागू असतो.

म्हणून आपली योजना कोणती, हे नोकरीच्या ठिकाणी प्रथम विचारावे. ती सेल्फ-फंडेड असल्यास हे उपचार समाविष्ट करण्याची लेखी विनंती करावी. नकारपत्र मिळाल्यापासून १८० दिवसांत अपील करता येते. मेडिकेडमध्ये तर एकवीस वर्षांखालील पात्र मुलांना आवश्यक उपचार द्यावेच लागतात.

मुलाची मोलाची वर्षे निघून जात असतात. पहिल्या नकारावर थांबू नये.