आधी ट्रान्सम ठोकून पाहा

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर, महाराष्ट्र सदनासमोर उभ्या असलेल्या डिझेल गाडीचं आयुष्य किती, हे बरीच वर्षं कॅलेंडर बघून सांगता यायचं: दहा वर्षं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये ही मर्यादा घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. ऑगस्ट २०२५ मध्ये निव्वळ वयावरून कारवाई नको असा दिलासा मिळाला, पण डिसेंबरात तो बीएस-४ आणि त्यानंतरच्या प्रदूषण मानकांच्या गाड्यांपुरता उरला. मालकाची कुरकुर काहीही असो, गाडी ठेवायची की काढायची हे त्याच्या वतीने दुसरंच कुणी ठरवतं.

मुंबईत गेटवेसमोर यॉट नांगरून ठेवणाऱ्याला ही सोय नाही. त्याच्या यॉटच्या दिमतीला एक छोटी बोट असते, तिला टेंडर म्हणतात. भरती-ओहोटीत इथल्या पाण्याची पातळी चार-पाच मीटरनी खालीवर होते आणि यॉट थेट धक्क्याला लावण्याची सोय अपुरी आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून चालू आहे, तरी शिडाच्या बोटी अजूनही पाण्यातच बांधलेल्या असतात आणि माणसं, पाण्याचे कॅन, डिझेल, जेवणाचे डबे असं सगळं टेंडरमधूनच जातं. त्यामुळे आधी म्हातारी होते ती टेंडर. यॉट आठवड्यातून एकदा शीड उघडते. टेंडर दिवसभर धक्क्याला घासत राहते.

आजची बहुतेक टेंडर खाली फायबरचा टणक तळ आणि कडेला हवेच्या फुगीर नळ्या अशी असते. ही रचना १९६०च्या दशकात वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजात घडली. तिथले मुख्याध्यापक, निवृत्त रिअर ॲडमिरल डेस्मंड होअर आणि त्यांचे विद्यार्थी नुसत्या रबरी बोटींचे तळ फाटतात म्हणून वैतागले होते. त्यांनी खाली लाकडी तळ बसवला. पुढे ब्रिटनच्या जीवरक्षक संस्थेने तीच कल्पना उचलली.

या बोटीचे तीन भाग तीन वेगवेगळ्या वेगांनी म्हातारे होतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो. मालकाला दिसतात त्या नळ्या, कारण त्या चिकट होतात, रंग उडतो, सकाळी मऊ पडलेल्या सापडतात. नळ्या पीव्हीसीच्या असतील तर मुंबईच्या उन्हात लवकर हार मानतात. हायपॅलॉन या कृत्रिम रबराच्या असतील तर बऱ्याच जास्त टिकतात. ड्युपाँट कंपनीने २०१० मध्ये हायपॅलॉनचं उत्पादन थांबवलं, पण त्याच जातीचं कापड इतर कारखाने बनवतात. दोन्हींना लागणारा गोंद वेगळा. चुकीच्या गोंदाने लावलेलं ठिगळ पहिल्या लाटेतच सुटतं.

नळ्या मात्र बदलता येतात. बोटीचा निकाल लावते ती मागची उभी भिंत, ट्रान्सम, जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं. वरून फायबर, आत बहुधा प्लायवूड. इंजिनच्या बोल्टच्या भोकांतून पाणी आत शिरतं आणि लाकूड कुजत जातं, बाहेरून काहीच कळत नाही. कलिंगड पारखावं तशी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने सगळी भिंत ठोकत जायचं: खणखणीत आवाज बरा, भदभदीत वाईट. मग इंजिन वर उचलून त्याचा खालचा पाय धरून हलवायचा. भिंत लवली किंवा बोल्टपाशी तपकिरी पाणी पाझरलं, तर नव्या नळ्यांचा विचार बाजूला ठेवावा. ट्रान्सम नव्याने बांधता येतो, पण तोवर तळाचा सांगाडाही तपासावा लागतो आणि बिल नव्या बोटीच्या दिशेने सरकू लागतं.

इंजिन बदलण्याचा मोह सगळ्यात मोठा. पंधरा अश्वशक्तीचं जुनं टू-स्ट्रोक साधारण पस्तीस-चाळीस किलोचं असतं, त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक पन्नासच्या आसपास. म्हातारी भिंत, वर दहा-पंधरा किलो जादा, मागचा भाग खाली बसलेला: पैसे खर्च करून बोट बिघडवण्याचा हा खात्रीचा मार्ग. आणि इंजिनाला हात लावला की चाचणी आली. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट ताब्याबाहेर जाऊन ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. त्यात अनेकांचे जीव गेले. टेंडर कितीही लहान असली तरी तिची चाचणी वर्दळीपासून दूरच घ्यावी.

खर्च नव्या बोटीच्या निम्म्यावर गेला की जुनी सोडा, असा एक ठोकताळा सांगतात. भारतात तो अडचणीत येतो, कारण नवीची किंमतच हलती आहे. हौशी नौकांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून थेट ४० टक्के झाला. त्यामुळे कालपर्यंत ‘टाकाऊ’ वाटणारी डागडुजी आज परवडते. तळ आणि ट्रान्सम निरोगी असेल तर नळ्या बदलणं हाच शहाणा खर्च; ट्रान्सम गेला असेल तर करात वाचणारे पैसे पाण्यात जातील.

तळ निरोगी राहिला तर बोट किती चालते, याचं उदाहरण लांब शोधायला नको. गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या ॲक्वेरियस शिपयार्डने बांधलेली शिडाची बोट ‘तारिणी’ २०१७ मध्ये नौदलात आली आणि सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन तिने जगप्रदक्षिणा केली. २०२४-२५ मध्ये तीच बोट दिलना के. आणि रूपा ए. यांना घेऊन पुन्हा जगाला वळसा घालून आली.

एक अडचण मात्र खास आपल्या किनाऱ्याची. मेअखेर बोटी वर ओढल्या जातात आणि पावसाळाभर झाकून पडतात. काम काढायला हेच दिवस सोयीचे वाटतात. पण नळ्या जोडणारा दोन घटकांचा गोंद हवेत साधारण साठ-सत्तर टक्क्यांपेक्षा जास्त दमटपणा असेल तर नीट धरत नाही, आणि मुंबईतला जुलै याच्या कितीतरी वर असतो. मग एक तर बंद, कोरडी शेड शोधायची, नाहीतर हिवाळ्यात, ऐन मोसमात, बोट वर काढायची. म्हणून जाणकार ठोकठाक जानेवारीतच करून घेतात: नवी मागवायची ठरली तर ती ऑक्टोबरपर्यंत यायला वेळ असतो आणि जुनीच ठेवायची ठरली तर कोरडी हवा हाताशी असते.