अंग थंड, पण आशा आहे

अमेरिकेहून मुलीचा फोन येतो. "हृदय बंद पडलं होतं, पुन्हा सुरू झालं, पण शुद्ध नाही. आणि डॉक्टरांनी अंग थंड करून ठेवलंय." ऐकणाऱ्याच्या काळजात धस्स होते. शुनेमच्या बाईचे मूल अलीशा नबींनी उठवले तेव्हा आधी त्याचे अंग ऊबदार झाले, असे आपण वाचतो. मग हा उलटा उपाय कशासाठी?

हृदय सुरू झाले तरी मेंदूचे नुकसान लगेच थांबत नाही. रक्ताविना राहिलेल्या पेशींतला बिघाड पुढे कित्येक तास चालतो, आणि तापाने तो वाढतो. तापमान एक अंश सेल्सिअस उतरले की मेंदूची प्राणवायूची गरज सहा-सात टक्क्यांनी घटते. पिट्सबर्गचे डॉ. पीटर साफार यांनी १९६० च्या दशकातच हा उपाय सुचवला होता. २००२ साली युरोप व ऑस्ट्रेलियातील दोन अभ्यासांत थंड ठेवलेले रुग्ण अधिक संख्येने सावरले आणि ही पद्धत रूढ झाली.

पुढे मत बदलले. २०२१ मध्ये सुमारे १,९०० रुग्णांच्या अभ्यासात ३३ अंशांवर ठेवलेले आणि फक्त ताप येऊ न दिलेले, या दोन्ही गटांत मृत्यूचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशन आता ३२ ते ३७.५ अंशांमधले एक तापमान ठरवून ते स्थिर राखायला सांगते. (३७.५ म्हणजे आपल्या थर्मामीटरवर ९९.५.) तेव्हा एखाद्या रुग्णालयाने थंड केले नाही, तर ती हयगय समजू नये.

थंडीने अंग कापू लागले की उष्णता वाढते, म्हणून गुंगीची औषधे देतात. थंड शरीरातून ती सावकाश उतरतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी हाक मारून डोळे उघडले नाहीत, एवढ्यावर आशा सोडायची नाही. मेंदूचे पुढे काय होईल हे ठरवायला डॉक्टर साधारणपणे तापमान पूर्ववत झाल्यावर निदान ७२ तास थांबतात, आणि मग एका नव्हे, अनेक तपासण्यांवरून बोलतात. "आणखी किती थांबायचे?" हे नातेवाइकांनी स्पष्ट विचारावे.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या ज्येष्ठांनी 'हेल्थ केअर प्रॉक्सी' हा कागद आधीच करून ठेवावा. आपण बेशुद्ध असताना आपल्या वतीने कोण बोलणार, त्याचे नाव त्यात लिहायचे असते. बहुतेक राज्यांत वकील लागत नाही. साक्षीदारांचे नियम मात्र वेगवेगळे आहेत. शाब्बाथच्या दिवशी रुग्णालयाचा फोन आला तरी उचलेल, असे माणूस निवडा.