कपाटात न दिसणारी पुस्तकं

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कुशिंग अकॅडमी या निवासी शाळेनं २००९ साली आपल्या ग्रंथालयातली वीसेक हजार पुस्तकं हलवायला घेतली. कपाटांच्या जागी मोठे पडदे, किंडल वाचनयंत्रं आणि कॉफीचा कोपरा आला. देशभर वाद पेटला. आता ग्रंथपाल हवाच कशाला, असंही विचारलं गेलं.

प्रत्यक्षात ग्रंथपालाचं काम वाढलं.

छापील प्रत एकदा विकत घेतली की ती कुणाला आणि किती वेळा द्यायची, हे ग्रंथालय ठरवतं. अमेरिकेत १९०८ साली सर्वोच्च न्यायालयानं ज्या तत्त्वाला मान्यता दिली, त्यावर हा हक्क उभा आहे. ई-पुस्तक मात्र बहुधा विकलं जात नाही, त्याचा परवाना मिळतो. हार्पर कॉलिन्सनं २०११ मध्ये ग्रंथालयांना कळवलं, की नवं ई-पुस्तक २६ वेळा वाचकाला दिलं की परवाना संपेल. प्रकाशकाचं म्हणणं असं, की डिजिटल प्रत झिजत नाही, मग नवी विकायची कधी? ओक्लाहोमातल्या ग्रंथपालांनी कॅमेऱ्यासमोर आपली छापील पुस्तकंच उघडून दाखवली. सव्वीसपेक्षा कितीतरी जास्त वेळा घरोघर जाऊन आलेली ती पुस्तकं अजून धडधाकट होती.

बाइंडिंग आणि दाखल नोंदवही सांभाळणाऱ्या ग्रंथपालांना आता करारातली कलमंही वाचावी लागतात. परवाना दोन वर्षांचा की ठरावीक फेऱ्यांचा? एका वेळी एकच मूल वाचणार की अख्खा वर्ग? वर्गात एकच कादंबरी शिकवायची असेल, तर या शेवटच्या प्रश्नावर शाळेचं अंदाजपत्रक कोसळू शकतं.

दुसरी अडचण साधी, पण मोठी आहे. ई-पुस्तक दिसत नाही. मधल्या सुट्टीत कपाटासमोर रेंगाळणाऱ्या मुलाच्या हाताला ते लागत नाही. म्हणून ग्रंथपाल मुखपृष्ठांचे छापील फलक करतात, त्यावर क्यूआर कोड चिकटवतात आणि ते थेट कपाटात मांडतात. मूल ओळखून पुस्तक सुचवणं तर त्यांच्याकडेच राहिलं आहे. अक्षरं अडखळत वाचणाऱ्या मुलाला ‘सोरा’सारख्या ॲपमध्ये अक्षर मोठं करता येतं, डिस्लेक्सियासाठी घडवलेला टंक निवडता येतो, आणि शेजारच्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ई-पुस्तकाची ही देणगी खरोखर मोलाची आहे.

भाड्याच्या पुस्तकांना पर्यायही आहे, आणि तो मराठीत उपलब्ध आहे. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर चित्रकथा खुल्या परवान्यानं मिळतात. त्या वाचायला, उतरवून घ्यायला, छापायला, भाषांतरित करायलाही मोकळीक आहे. आपल्याकडे अनेक प्राथमिक शाळांत स्वतंत्र ग्रंथपालच नसतो. एखाद्या शिक्षिकेकडे पुस्तकांची पेटी सोपवलेली असते. तिला शाळेच्या संगणकावरून अशी गोष्ट उतरवून, कागदावर छापून, स्टेपल करून घरी फोन नसलेल्या मुलीच्या हाती देता येते. तिथे सव्विसाव्या वाचकानंतर सत्ताविसावाही येऊ शकतो.