स्टॅनफर्डचा विसरलेला आडवा कणा

स्टॅनफर्ड (कॅलिफोर्निया) : पालो आल्टोच्या स्टेशनाजवळून एक सरळसोट रस्ता दुतर्फा ताडांच्या रांगांमधून स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे जातो. समोर मेमोरियल चर्चची मोझेइकने मढवलेली भिंत दिसते. हा उत्तर-दक्षिण रस्ताच विद्यापीठाचा कणा, असे कोणालाही वाटेल. १८८८च्या मूळ आराखड्यात मात्र आणखी एक कणा होता, पूर्व-पश्चिम, आणि विद्यापीठ वाढायचे होते ते त्याच्याच अंगाने.

आराखडा काढला होता न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कचे एक रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी. रेल्वेसम्राट लेलंड स्टॅनफर्ड आणि त्यांच्या पत्नी जेन यांचा एकुलता एक मुलगा १८८४ साली विषमज्वराने गेला. त्याच्या नावाने हे विद्यापीठ उभे राहिले. ओल्मस्टेडना जागा टेकड्यांच्या पायथ्याशी हवी होती, स्टॅनफर्डना सपाटीवर. अमेरिकेतल्या खासगी विद्यापीठांत देणगीदाराच्या शब्दाला वजन असते. इथेही सपाटीच ठरली.

ओल्मस्टेडनी एका गोष्टीवर मात्र तडजोड केली नाही. इथे उन्हाळाभर पाऊस नसतो, तेव्हा इंग्लंडसारख्या हिरवळी नकोत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी नमुना घेतला भूमध्य समुद्राकाठचा: फरसबंद चौक, त्यात झाडांची गोल आळी, भोवती कमानदार ओवऱ्या, पिवळसर वालुकाश्म आणि लाल कौले. पहिला चौक बारा बैठ्या इमारतींचा. जागा कमी पडली की डाव्या-उजव्या अंगाला, वाड्याला चौक जोडत जावेत तसे पुढचे चौक जोडायचे. इमारती कुठे असाव्यात यापेक्षा, शंभर वर्षांनी त्या कशा वाढाव्यात हे सांगणारा हा आराखडा होता. त्याचे मोठेपण यातच आहे.

१८९१मध्ये वर्ग भरू लागले आणि दोनच वर्षांत लेलंड स्टॅनफर्ड वारले. सरकारी दाव्यात पैसा अडकला. तो सुटल्यावर जेनबाईंनी झपाट्याने बांधकामे काढली. पण रसायनशास्त्राच्या इमारतीसारखी मोठी कामे चौकांची ओळ सोडून सुटी उभी राहिली. १८ एप्रिल १९०६च्या भूकंपात मुख्य कमान कोसळली, नवे ग्रंथालय आणि व्यायामशाळा अर्धवट असतानाच ढासळली. पहिल्या चौकातल्या बैठ्या इमारती त्या मानाने तगल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर विज्ञान आणि अभियांत्रिकीचा विस्तार झाला, तेव्हा जिथे मोकळी जागा, तिथे इमारत असाच प्रकार बराच काळ चालला.

जुना आराखडा पुन्हा मनावर घेतला गेला तो गेल्या शतकाच्या शेवटी. १९९४मध्ये विल्यम ह्युलेट आणि डेव्हिड पॅकार्ड या माजी विद्यार्थ्यांनी विज्ञान-अभियांत्रिकी चौकासाठी ७ कोटी ७४ लाख डॉलर दिले. वास्तुकार जेम्स इन्गो फ्रीड यांनी हा चौक मुख्य चौकाच्या पश्चिमेला, ओल्मस्टेड यांच्याच आडव्या रेषेवर बसवला. त्याच्या शेजारी दुसरा चौक झाला. त्यातली श्रीराम सेंटर ही जैव-अभियांत्रिकीची इमारत चेन्नईहून इथे आलेले गुंतवणूकदार राम श्रीराम आणि त्यांच्या पत्नी यांच्या देणगीतून झाली. आत अत्याधुनिक प्रयोगशाळा, बाहेर तेच पिवळसर दगडी रूप.

सगळे जुळले आहे असे मात्र नाही. पहिला चौक बैठा होता. नव्या इमारती कित्येक मजली आहेत, त्यामुळे ओवरीतून चालताना मिळणारा तो आडोसा इथे तितका जाणवत नाही. जमिनीचा प्रश्नही बदलला आहे. विद्यापीठाकडे आठ हजारांहून जास्त एकर आहेत, पण बांधकामाला परवानगी सँटा क्लारा काउंटीची लागते. २०००मध्ये काउंटीने विकासाची हद्द आखून दिली, तेव्हापासून टेकड्यांकडे पसरायला मुभा नाही. दाटीवाटीने, पण शिस्तीत बांधणे आता भागच आहे. त्या गरजेलाही ओल्मस्टेड यांचीच रेषा उपयोगी पडते आहे.

स्टॅनफर्डभोवतीच्या बे एरियात मराठी घरे बरीच, आणि मुलांकडे आलेले आई-वडील स्टॅनफर्डला फेरी मारतातच. त्यांनी चर्चसमोर फोटो काढून लगेच मागे फिरू नये. तिथल्या ओवरीत जमिनीवर १८९६पासून दर वर्षीच्या पदवीधरांची एकेक पाटी बसवलेली आहे. ती वर्षे वाचत पश्चिमेला वळावे आणि तसेच नव्या चौकांपर्यंत चालत जावे.