गोवर यावाच लागतो काय?

लहान मूल तापाने फणफणले आणि तीन-चार दिवसांनी त्याच्या अंगावर तांबडे पुरळ उठले, की घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "गोवर आहे. एकदा यायचाच. येऊन जाऊ द्या." मराठी घरांत त्यास गोवर म्हणतात, कानडी घरांत दडार, आणि आम्हां मुसलमानांच्या घरांत खसरा. नावे निराळी असली तरी "एकदा यायचाच" हा समज बेळगावच्या सर्व गल्ल्यांत सारखाच आहे. ट्रस्टच्या या महोत्सवी स्मरणिकेत त्याच समजाविषयी चार शब्द लिहावेत असे आम्ही योजिले आहे. आम्ही वैद्य नव्हे, शिक्षक आहोत. परंतु रोज हजेरी घेणाऱ्या माणसास एका बाकावरचा आजार शेजारच्या बाकावर कसा जातो, हे वैद्याइतकेच जवळून पाहावयास मिळते.

जुना रोग, जुनी ओळख

गोवर आणि देवी हे दोन निराळे रोग आहेत, हे स्पष्टपणे लिहून ठेवणारा पहिला मोठा हकीम म्हणजे अबू बक्र अल्-राझी. तो इराणातील रय्य शहरचा. बगदाद येथील रुग्णालयाचा तो प्रमुख होता आणि इ. स. ९२५ च्या सुमारास वारला. अरबीत गोवराला 'हसबा' म्हणतात. देवी आणि हसबा यांवर त्याने स्वतंत्र ग्रंथ लिहिला व त्यात गोवर हा देवीहून अधिक भिण्यासारखा आहे असे मत दिले. आपण मात्र हजार वर्षांनंतरही त्याला 'साधा गोवर' म्हणतो!

दुसरी गोष्ट १८४६ सालची. उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर गोवराची साथ आली, तेव्हा डेन्मार्क सरकारने पानुम नावाच्या तरुण डॉक्टरास तेथे धाडले. बेटांवरील सुमारे ७,८०० लोकांपैकी ६,००० च्या आसपास लोक आजारी पडले, आणि त्यांत मुलेच नव्हे, तर म्हातारी माणसेही होती. परंतु पासष्ट वर्षांपूर्वी, म्हणजे १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर येऊन गेला होता, ते वृद्ध मात्र सुखरूप राहिले. यावरून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. गोवर एकदा आला की पुन्हा सहसा येत नाही. आणि ज्याला तो आलेला नाही, त्याचे वय कितीही असो, त्याला तो गाठू शकतो. गोवर हा बालपणाचा नव्हे, तर संसर्गाचा रोग आहे.

तो पसरतो कसा?

गोवराचा विषाणू रोग्याच्या खोकण्या-शिंकण्यातून व श्वासातून हवेत मिसळतो. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तेथील हवेत तो जिवंत राहू शकतो. ज्यांच्या अंगी प्रतिकारशक्ती नाही अशा दहा जणांचा रोग्याशी निकट संबंध आला, तर त्यांपैकी नऊ जणांस तो होतो. इतका सांसर्गिक रोग क्वचितच दुसरा असेल.

यातील कठीण भाग असा, की पुरळ उठण्यापूर्वी चार दिवस आणि उठल्यानंतर चार दिवस रोगी इतरांस रोग देऊ शकतो. पहिल्या चार दिवसांत घरच्यांना वाटते की साधे पडसे आहे, म्हणून मूल शाळेत येते, लग्नाच्या मांडवात जाते, बसमधून आजोळी जाते. रोगाचे नाव कळेपर्यंत तो पुढे गेलेला असतो. म्हणून केवळ रोग्याला दूर ठेवून गोवर आटोक्यात येत नाही. आधीपासूनच प्रतिबंध हवा.

तो ओळखावा कसा?

संसर्ग झाल्यापासून दहा ते बारा दिवस काहीच दिसत नाही. मग जोराचा ताप, कोरडा खोकला, वाहते नाक आणि लाल, पाणावलेले डोळे अशी चार लक्षणे एकत्र दिसू लागतात. या वेळी गालाच्या आतल्या बाजूस, दाढांच्या समोर, मिठाच्या कणांसारखे पांढुरके ठिपके दिसू शकतात. न्यूयॉर्कच्या डॉ. कॉप्लिक यांनी १८९६ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात. तीन-चार दिवसांनी कानामागे व कपाळावर केसांच्या कडेला पुरळ उठते आणि ते तोंडावरून छातीवर, पोटावर व शेवटी पायांवर उतरते. सावळ्या कातडीवर लाली कमी दिसते, परंतु हात फिरवल्यास खरखर लागते. पुढे पुरळ तपकिरी पडून कोंड्यासारखे सुटते. कांजिण्यांत पाण्याने भरलेले फोड येतात; गोवरात तसे फोड नसतात.

'गोवर आत गेला' म्हणजे काय?

आमच्या लहानपणी बायका कुजबुजत, "गोवर नीट बाहेर पडला नाही, आत गेला, म्हणून पोर गेले." याच भीतीने अजूनही काही घरांत मुलास गोधड्यांत गुंडाळतात, अंग पुसत नाहीत आणि औषध देत नाहीत, का, तर गोवर आत जाईल!

या समजुतीतील निरीक्षण खरे आहे, परंतु निदान चुकले आहे. पुरळ हे विष बाहेर पडल्याचे चिन्ह नव्हे. आपल्या शरीरातील संरक्षक पेशी कातडीतील विषाणूवर हल्ला चढवितात, त्या लढाईची ती खूण होय. ज्या मुलाच्या शरीरात लढण्याचे बळ कमी, त्याच्या अंगावर पुरळ फिकट उठते किंवा उठतही नाही, आणि असेच मूल अधिक दगावते. म्हणजे पुरळ आत गेले म्हणून मूल दगावले असे नसून, मूल आधीच अशक्त होते म्हणून पुरळ नीट उठले नाही. आजीबाईंचे डोळे चांगले होते. त्यांच्याजवळ फक्त खरे कारण नव्हते.

मृत्यू बहुधा गोवराच्या मागून येणाऱ्या रोगांनी होतो. साधारणपणे वीस मुलांत एकाला न्यूमोनिया होतो, आणि गोवराने होणाऱ्या बालमृत्यूंचे तेच मोठे कारण आहे. कान फुटतो, जुलाब लागतात, 'अ' जीवनसत्त्वाची उणीव असेल तर डोळेही जातात. हजारांत एखाद्याच्या मेंदूस सूज येते. शिवाय अलीकडच्या संशोधनावरून दिसून आले आहे, की पूर्वीच्या रोगांशी लढून शरीराने जमविलेली प्रतिकारशक्तीच गोवर पुसून टाकतो, आणि मग कित्येक महिने मूल एकामागून एक आजारी पडत राहते. "गोवर येऊन गेला, सुटलो" असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. २०२३ या एका वर्षात जगभर गोवराने सुमारे १,०७,५०० माणसे मेल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत बहुतेक पाच वर्षांखालील मुले होती.

शुश्रूषा

गोवराच्या विषाणूवर खास औषध नाही, परंतु याचा अर्थ काही करावयाचे नाही असा नव्हे.

जुन्या चालींतील चांगले तेवढे ठेवावे. दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधून परक्यास आत न येऊ देणे, हे एक प्रकारे विलगीकरणच होते. मुलास अंधुक, शांत खोलीत निजविणे दुखऱ्या डोळ्यांस बरे वाटते. हिंदू घरातील बाईने देवीला हात जोडले, किंवा आमच्या घरात कोणी दुवा पढून फुंकर घातली, तर त्याने कोणाचे बिघडत नाही. बिघडते ते डॉक्टरकडे जाणे लांबविल्याने, आणि अन्नपाणी तोडल्याने. आमच्या घरातील वडील म्हणत, ज्याने रोग दिला त्याने औषधही दिले. ते शोधणे हे बंद्याचे काम.

तेव्हा पुढील गोष्टी कराव्यात:

१. अंगावरचे दूध बंद करू नये. मोठ्या मुलास पेज, वरणभात, खिचडी, ताक, जे खाईल ते थोडे थोडे व वारंवार द्यावे. तेल, मीठ, फोडणी वर्ज्य करण्याचे कारण नाही.

२. पाणी भरपूर पाजावे. जुलाब असल्यास जलसंजीवनी द्यावी.

३. ताप उतरविण्यास डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेले पॅरासिटामॉल द्यावे. ॲस्पिरिन मुलांस देऊ नये. अंग कोमट पाण्याने पुसावे, कपडे सैल असावेत.

४. डोळे उकळून गार केलेल्या पाण्यात भिजविलेल्या स्वच्छ कापडाने पुसावेत. काजळ, मध, झाडपाल्याचा रस डोळ्यांत घालू नये.

५. 'अ' जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा लागोपाठ दोन दिवस द्याव्या लागतात. सहा महिन्यांखालील बाळास ५०,००० एकके, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळास १ लाख, व वर्षावरील मुलास २ लाख अशी एका वेळची मात्रा असते. ती आरोग्य केंद्रात किंवा डॉक्टरांकडूनच घ्यावी. याने डोळे वाचतात आणि पुष्कळ मुलांचे प्राणही वाचतात.

६. श्वास भराभर चालणे, छाती आत ओढली जाणे, पाणीही न पिणे, झटके, गुंगी, डोळ्याच्या बुबुळावर पांढरेपणा, कानातून पू, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांपैकी एक जरी दिसले तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

७. पुरळ उठल्यापासून चार दिवस पुरे होईपर्यंत मुलास शाळेत, मदरशात, अंगणवाडीत किंवा समारंभात पाठवू नये. ताप आणि पुरळ दिसताच आशाताईस कळवावे, म्हणजे तपासणी होऊन शेजारची मुले वाचतील.

खरा उपाय : दोन टोचण्या

१९५४ मध्ये अमेरिकेत एंडर्स व पीबल्स या दोघांनी बोस्टनजवळच्या शाळेतील एका आजारी विद्यार्थ्याच्या रक्तातून गोवराचा विषाणू वेगळा केला. त्यावरून तयार झालेली लस १९६३ मध्ये तेथे वापरात आली. आपल्या देशात १९८५ च्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमापासून ती मिळू लागली. २०१० पासून दुसरी मात्रा सुरू झाली, आणि २०१७ पासून गोवर व रुबेला यांची एकत्र लस देण्यास आरंभ झाला. पहिली मात्रा बाळास नऊ महिने पुरे होताच, बारा महिन्यांच्या आत. दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. सरकारी केंद्रांत दोन्ही मोफत आहेत.

"एकदा टोचले, पुन्हा कशाला?" असे पुष्कळ आईबाप विचारतात. नवव्या महिन्यात आईकडून आलेली प्रतिकारशक्ती बाळाच्या अंगात थोडीफार शिल्लक असते, आणि तीच लसीच्या आड येते. त्यामुळे पहिल्या मात्रेने शंभरांत सुमारे पंधरा मुले असुरक्षित राहतात. दुसरी मात्रा त्यांच्यासाठी असते. आणि ती मुले कोणती, हे कोणालाच दिसत नसल्यामुळे ती सर्वांनाच द्यावी लागते. गावातील शंभरांत पंचाण्णव जणांस दोन्ही मात्रा मिळाल्या म्हणजेच साथ थांबते.

आता अफवांविषयी. फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्नाटक, गोवा व आणखी काही प्रांतांतील शाळांतून नऊ महिने ते पंधरा वर्षांखालील मुलांस टोचण्याची मोहीम निघाली. त्या दिवशी आमच्या वर्गातील काही बाके रिकामी होती. चौकशी करता कळले, की मोबाईलवर निनावी निरोप फिरला होता: या सुईने पुढे संतती होत नाही. आम्ही पालकांस एवढेच विचारले, की १९८५ पासून ज्या मुलांस गोवराची लस टोचली जात आहे, ती आज आईबाप झाली नाहीत काय? तुमच्यापैकीच कितीतरी जण ती टोचलेले आहेत! या प्रश्नावर काही घरांतून हसू उमटले आणि दुसऱ्या दिवशी मुले आली. काही आली नाहीत. पुढे २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांत व मालेगाव-भिवंडीत गोवराची साथ उठली आणि लहान मुले दगावली, तेव्हा लस न मिळालेली मुलेच मुख्यत्वे बळी पडल्याचे दिसून आले. तेथील पुष्कळ घरे आमच्याच समाजाची होती, हे सांगताना आम्हांस वाईट वाटते, पण ते लपविण्यात हित नाही.

दुसरी गोष्ट अफवा नव्हे, ती घडलेली आहे. जानेवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, रामदुर्ग तालुक्यात, ही लस टोचल्यानंतर तीन बालके दगावली. लसीच्या कुप्या हाताळण्यात निष्काळजीपणा झाल्याचे प्राथमिक चौकशीत पुढे आले. त्या आईबापांचे दुःख कोणत्याही आकड्याने कमी होणार नाही. परंतु यातून घ्यावयाचा धडा लस टाळण्याचा नव्हे. ही लस भुकटीच्या रूपात येते. ती सोबतच्या द्रवात कालविल्यावर थंड ठेवून चार तासांच्या आतच वापरावी लागते. उरलेली टाकून द्यावी लागते, कारण तिच्यात जंतू वाढू शकतात. कुप्पी कालविल्याची वेळ तिच्यावर लिहिलेली असावी, असा नियम आहे. तेव्हा प्रत्येक आईने टोचण्यापूर्वी नम्रपणे विचारावे, "ताई, ही कुप्पी केव्हा फोडली?" हा अविश्वास नव्हे, आपला हक्क आहे, आणि चांगल्या परिचारिकेस तो प्रश्न कधीही टोचत नाही.

मोठ्यांनाही

पाच वर्षांखालील मुलांप्रमाणेच वीस वर्षांवरील माणसांसही गोवर जड जातो. ज्यांना गोवर आला नाही आणि टोचणीही झाली नाही, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने निदान अठ्ठावीस दिवसांच्या अंतराने दोन मात्रा घ्याव्यात. गरोदर स्त्रीस गोवर झाल्यास गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण होण्याचा धोका असतो. परंतु गरोदरपणी ही लस देता येत नाही. म्हणून लग्नापूर्वीच मुलीची चौकशी करून ठेवावी. घरात गोवर निघाल्यास संपर्कात आलेल्या इतरांस बहात्तर तासांच्या आत लस दिली तर रोग टळू शकतो. तान्ही बाळे, गरोदर स्त्रिया व अशक्त रोगी यांच्यासाठी सहा दिवसांच्या आत वेगळे इंजेक्शन देता येते. त्यासाठी डॉक्टरांकडे ताबडतोब जावे.

ट्रस्टकडे एक मागणे

आपल्या सभासदांपैकी कित्येक कुटुंबे कामासाठी गोव्यास, पुण्यास किंवा कोल्हापुराकडे जातात. पहिली टोचणी गावात होते आणि दुसरीच्या वेळी बिऱ्हाड दुसरीकडे असते. अशीच मुले निसटतात. तायी कार्ड पेटीच्या तळाशी न ठेवता बिऱ्हाडाबरोबर न्यावे. कोणत्याही सरकारी केंद्रात दुसरी मात्रा मिळते, आणि वेळ टळली असली तरी पाच वर्षांपर्यंत राहिलेली मात्रा देतात.

ट्रस्ट शिष्यवृत्त्यांची नोंद ठेवतो, तशी सभासदांच्या घरी जन्मलेल्या बाळांचीही एक वही ठेवावी, असे आम्ही सुचवितो. तीत नाव, जन्मतारीख आणि दोन रकाने: पहिली मात्रा, दुसरी मात्रा. दर महिन्यास ज्यांचा रकाना कोरा असेल, त्यांच्या घरी कोणीतरी जाऊन आठवण द्यावी. यास पैसा लागत नाही, माणूस लागतो. आणि माणसे तर आपल्या ट्रस्टपाशी पुष्कळ आहेत. या महोत्सवी वर्षात एवढी एक वही सुरू झाली, तर पुढच्या महोत्सवाच्या स्मरणिकेत गोवरावर लेख लिहिण्याचे कोणास कारण उरणार नाही.