वावर घरचं, किराणा बाजारचा

शहरातल्या नातेवाइकांचा एक ठाम समज असतो: वाशीमसारख्या जिल्ह्यात, गावात राहणाऱ्या माणसाला खाण्यापिण्याचा खर्चच नाही. शेत आहे, घरचं धान्य आहे, मग लागतं काय? गंमत म्हणजे गावातली माणसंही हे अर्धंमुर्धं खरं मानतात आणि महिन्याचा हिशेब कधी मांडतच नाहीत.

पावसाळ्यात कारंजा ते रिसोड रस्त्याने जा. दोन्ही बाजूंना सोयाबीन, त्यात तुरीच्या ओळी, मधूनमधून कपाशी. यातलं थेट चुलीवर काय येतं? तुरीची डाळ. विहिरीला पाणी असेल तर रब्बीत हरभरा आणि थोडा गहू. बाकी तेल, तांदूळ, साखर, चहापत्ती, बटाटे आणि बहुतेक भाजीपाला विकतचा. सोयाबीन बाजार समितीत जातं, त्याचा पैसा दिवाळीच्या आसपास हातात येतो. तुरीचा येतो संक्रांतीनंतर. किराणा मात्र बाराही महिने लागतो, म्हणून तो उधारीवर चालतो. उधारीच्या दुकानात भाव विचारायची सोय नसते, ही या सगळ्या हिशेबातली सर्वांत महागडी गोष्ट.

शेतकऱ्यालाही धान्य विकत घ्यावं लागतं, हे राज्य सरकारने केव्हाच मान्य केलं आहे. शेतकरी आत्महत्यांची झळ बसलेल्या 14 जिल्ह्यांत, म्हणजे वाशीमसह अमरावती विभाग, सगळा मराठवाडा आणि वर्धा इथे, केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना 2015 पासून माणशी महिना 5 किलो धान्य मिळत होतं: गहू 2 रुपये किलो, तांदूळ 3 रुपये किलो. 2023 पासून धान्याऐवजी खात्यात माणशी 150 रुपये येऊ लागले, पुढे ते 170 झाले. इथे दुसरा गैरसमज तयार झाला: पैसे काय, धान्य काय, एकच. आकड्यांत ते एकच दिसतंही. पाच माणसांच्या घराला महिन्याला 850, वर्षाला 10,200 रुपये. गव्हाचा 2025-26 चा हमीभाव होता 2,425 रुपये क्विंटल. त्या भावाने या रकमेत चार क्विंटलहून जास्त गहू बसतो. पूर्वी वर्षाला तीन क्विंटल धान्य मिळायचं, ते धरलं तर तोटा दिसत नाही. पण धान्याची कट्टी घरात येऊन पडते, 850 रुपये खात्यातून कुठे गेले ते कळत नाही. हे पैसे वेगळे राखून मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू बाजारात येतो तेव्हा एकदम घेतला, तरच तो हिशेब खरा ठरतो.

‘सगळा पैसा दाण्या-दाळीत जातो’

आता खरा पैसा जातो कुठे ते पाहू. केंद्राच्या 2022-23 च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण भारताच्या एकूण मासिक खर्चातला सुमारे 46 टक्के भाग खाण्यावर गेला. एकूण खर्चात धान्याचा वाटा निघाला 5 टक्क्यांहूनही किंचित कमी. भाजीपाला साडेपाचच्या आत, खाद्यतेल साडेतीनच्या आसपास, दूध आणि दुधाचे पदार्थ 8 टक्क्यांवर. आणि पेयं, फराळ, तयार खाद्यपदार्थ हा गट 9.62 टक्के. म्हणजे बिस्किटाचे पुडे, शेवचिवडा, टपरीवरचा चहा, थंड बाटल्या आणि पोरांच्या पुड्या मिळून गहू-तांदूळ-ज्वारीच्या जवळपास दुप्पट. 1999-2000 मध्ये धान्याचा वाटा 22 टक्क्यांच्या आसपास होता. दोन तपांत चित्र उलटं झालं, आपली तक्रार मात्र जुनीच राहिली.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. या आकड्यात सरकारकडून फुकट मिळालेल्या धान्याची किंमत धरलेली नाही. ती धरली तर धान्याचा वाटा थोडा वाढेल. पण खिशातून गेलेल्या पैशाचं म्हणाल, तर तो पुड्यांकडेच जास्त गेला. टोमॅटो 2023 च्या जुलैत काही बाजारांत 200 रुपये किलोवर गेला तेव्हा घराघरांत हाय खाल्ली होती. पाच रुपयांच्या पुडीवरचं वजन मात्र कोणी वाचत नाही. त्यावर 12 ग्रॅम छापलेलं असेल, तर तो माल 400 रुपये किलोहून महाग पडतो. तेवढ्यात शेंगदाणे, गूळ आणि वर पाव किलो फुटाणे येतात. पोरं पुडीच मागतात हे मान्य. पण रोज मागितली म्हणून रोज द्यावी असं कुठे आहे?

‘कंट्रोलचा तांदूळ प्लास्टिकचा आहे’

हा गैरसमज सगळ्यांत नुकसानीचा, म्हणून त्यावर जरा थांबू. कंट्रोलचा तांदूळ निवडताना काही दाणे वेगळे दिसतात. थोडे पिवळट किंवा जास्तच पांढरे, गुळगुळीत, पाण्यात कधी तरंगणारे. लगेच मोबाइलवर व्हिडिओ फिरतो, ‘प्लास्टिक निघालं!’ बायका ते दाणे वेचून फेकतात, कोणी पूर्ण तांदूळच जनावरांना घालतं किंवा पडेल भावात विकून टाकतं.

ते दाणे तांदळाच्याच पिठाचे असतात. तांदूळ दळून त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 जीवनसत्त्व मिसळतात, त्या पिठाला यंत्रातून पुन्हा दाण्याचा आकार देतात. साध्या 100 दाण्यांमागे असा 1 दाणा, हे प्रमाण. यंत्रातून आल्यामुळे त्याचा रंग आणि घनता वेगळी, म्हणून तो तरंगतो. पंतप्रधानांनी 15 ऑगस्ट 2021 ला या पोषणयुक्त तांदळाची घोषणा केली. आधी अंगणवाडी आणि शाळेच्या आहारात, मग आकांक्षित जिल्ह्यांत आणि मार्च 2024 पर्यंत सगळ्या रेशन दुकानांत तो पोचवायचा, असे टप्पे ठरले. वाशीम आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना डिसेंबर 2028 पर्यंत वाढवली.  असा दाणा वेचून टाकणं म्हणजे तांदळात घातलेलं लोह आणि जीवनसत्त्वंच टाकणं. तांदूळ खूप चोळून धुणं आणि भाताचं पाणी ओतून देणं यानेही थोडंफार तेच होतं. भातात जिरेल तेवढंच पाणी घाला.

या दाण्याने रक्तक्षय संपेल असंही नाही. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं 2019-21 चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. त्याला एक दाणा पुरा पडणार नाही. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असलेल्या माणसाने लोहाबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावं, हेही खरं. बाकीच्यांनी तांदूळ शिजवून खावा.

रक्त वाढवायचं म्हणून गुळाचा खडा हातावर ठेवायची आपल्याकडे रीत आहे. गुळात 100 ग्रॅमला साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. दहा ग्रॅमच्या खड्यात अर्धा मिलिग्रॅमही भरत नाही, आणि बाईची रोजची गरज 29 मिलिग्रॅम धरलेली आहे. गूळ गोडासाठी खावा, औषध म्हणून नको. त्यापेक्षा फुकटातल्या दोन गोष्टी जास्त कामाच्या: वरणावर लिंबू पिळायचं, आणि जेवणाबरोबर किंवा जेवल्याजेवल्या चहा घ्यायचा नाही, कारण चहा लोह शरीरात शोषू देत नाही. अंबाडीची आंबट भाजी लोखंडी कढईत केली तर आंबटपणाने कढईतलं थोडं लोह भाजीत उतरतं. आपल्या आज्यांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

‘भाकरी म्हणजे गरिबाचं खाणं’

हे वाक्य आता बाजारभावाला धरून नाही. संकरित ज्वारीचा 2025-26 चा हमीभाव 3,699 रुपये क्विंटल, गव्हाचा त्या हंगामाचा 2,425. वाशीमच्या वावरातून ज्वारी हटली, तिच्या जागी सोयाबीन आलं. कडब्याची गंजी गेली आणि भाकरीचं पीठ गव्हाच्या पिठापेक्षा महाग झालं. ज्यांच्या घरात अजून एक-दोन एकर ज्वारी पेरतात, त्यांनी ती विकून गहू घ्यायच्या आधी हिशेब करून पाहावा.

भाकरीबद्दल उलटा गैरसमजही आहे: शुगर झालेल्याने भाकरी कितीही खावी. ज्वारीतही पिष्ट पदार्थ गव्हाइतकेच असतात. फरक पडतो तो किती भाकऱ्या आणि सोबत काय, यावर. एक भाकर, वाटीभर वरण आणि तरोट्याची किंवा चिवळीची भाजी, हे जेवण. तीन भाकऱ्या आणि तिखटाचा गोळा, हे पोट भरणं.

‘सोयाबीन विकायचं असतं, खायचं नसतं’

जिल्ह्याचं मुख्य पीक, आणि ते घराच्या ताटात नाही. शंभर ग्रॅम तूरडाळीत सुमारे 22 ग्रॅम प्रथिनं, तेवढ्याच सोयाबीनमध्ये 36 ते 40. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये, बाजारात तोही अनेकदा मिळत नाही. तुरीचा 8,000, तोही अख्ख्या तुरीचा, भरडल्यावर डाळ कमी भरते. प्रथिनांच्या हिशेबाने घरात पडलेली ही सर्वांत स्वस्त वस्तू आहे. तरी ती आपण पोत्याने विकतो आणि प्रथिनांची पावडर डब्याने आणतो.

मात्र कच्चं सोयाबीन खाऊ नये, हा सावधपणा गैरसमज नाही. त्यात पचनाला अडथळा आणणारा घटक असतो आणि एक कच्चट वास असतो, दोन्ही उष्णतेने जातात. सोयाबीन निवडून उकळत्या पाण्यात टाका, 20-25 मिनिटं उकळा, पाणी काढा, साल चोळून काढा आणि कडक उन्हात वाळवा. मग 9 किलो गव्हाला 1 किलो या प्रमाणात चक्कीवर द्या. पोळीच्या चवीत फारसा फरक कळत नाही आणि पिठातली प्रथिनं साधारण चौथ्या हिश्श्याने वाढतात. गव्हात जे एक आवश्यक अमिनो आम्ल, लायसिन, कमी पडतं ते सोयाबीनमध्ये भरपूर असतं. दाण्यात 18-20 टक्के तेल असल्याने हे पीठ लवकर खवट होतं, म्हणून पंधरा-वीस दिवसांचंच दळा.

आणि एक गोष्ट अगदी बजावून: पेरणीतून उरलेलं पिशवीतलं बियाणं कधीही दळू नका. त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. धुतलं, उन्हात घातलं तरी ते खाण्याचं होत नाही.

सोयाबीन आपण पिकवतो, म्हणून सोयाबीन तेलाचा डबाही आपल्याच मालाचा, असाही समज आहे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, आणि सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलमधून. केंद्राने सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं, मे 2025 अखेर ते साडेसोळावर आणलं. शेतकरी म्हणून पहिल्या निर्णयाचं स्वागत करणाऱ्या घरातच किराण्याच्या यादीत तेल महागलं होतं. म्हणून फोडणीला पळीने तेल ओतण्याऐवजी चमच्याने मोजा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने माणशी दिवसाला 27 ग्रॅम तेल-तूप पुरे, म्हणजे महिन्याला पाऊण किलोच्या आसपास. पाच माणसांच्या घरात पाच किलोचा डबा महिनाभर पुरत नसेल, तर तळण कुठे होतंय ते शोधा.

आता स्वयंपाकघरातले काही छोटे समज. डाळीत आधी मीठ घातलं की ती शिजत नाही, असं घरोघर सांगतात. डाळीला खरी अडचण मिठाची नसून बोअरच्या जड पाण्याची आणि आधीच घातलेल्या चिंचेची-टोमॅटोची असते. आंबट शेवटी घाला, डाळ तासभर भिजवा, गॅस वाचतो. चिमूटभर खायचा सोडा टाकला की डाळ पटकन गळते खरी, पण त्यातलं बी-1 जीवनसत्त्वही जातं.

शिळा भात ‘पुन्हा गरम केला की झालं’ हेही चुकीचं. भात तासन्‌तास बाहेर राहिला की एक प्रकारचे जिवाणू त्यात विष तयार करतात, ते उकळूनही जात नाही. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा. फ्रिज नसेल तर भात मोजूनच लावा. शिळी भाकर त्या मानाने कोरडी आणि सुरक्षित, तिचा फोडणीचा कुटका सकाळच्या न्याहारीला चालतो.

वर्षाचं धान्य भरून ठेवलं की ते स्वस्तच पडतं, हे तेव्हाच खरं, जेव्हा ते किडत नाही. धान्य दाताखाली कडकन फुटेपर्यंत वाळवा, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत भरा, वाळलेला कडुनिंबाचा पाला टाका, कोठी भिंतीपासून जरा दूर आणि फळीवर ठेवा. किडीसाठी ज्या ‘सल्फासच्या गोळ्या’ लोक घरात आणतात, त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या ओलीने त्यातून फॉस्फिन हा जीवघेणा वायू सुटतो. कायद्याने त्या फक्त सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक धुरी देणाऱ्यांसाठी आहेत, घरगुती विक्रीसाठी नाहीत. झोपायच्या खोलीत कोठी आणि कोठीत या गोळ्या, हे कधीच नको. कीड लागलेला अर्धा क्विंटल गहू उन्हात घालून चाळून घ्यायला एक दिवस जातो, तेवढा द्यावा.