एफ्टेलिंग : परीकथांच्या वनातील कौटुंबिक दिवस

थीम पार्क म्हणजे एखाद्या कथासूत्राभोवती इमारती, बागा, खेळ आणि संगीत यांची एकसंध मांडणी केलेले मनोरंजन उद्यान होय. नेदरलँड्समधील कात्सहेवेल गावचे एफ्टेलिंग हे त्याचे अत्यंत देखणे उदाहरण असून, १९५५ साली सुरू झालेल्या कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडपेक्षाही ते तीन वर्षांनी जुने आहे.

१९५२ मध्ये येथे ‘स्प्रोक्येसबोस’, म्हणजेच परीकथांचे वन, खुले झाले. त्याची दृश्यरचना चित्रकार आंतोन पीक यांनी केली, तर पुतळ्यांना हालचाल व आवाज देणारी यंत्रणा पेटर रेइन्डर्स यांनी उभारली. पीक यांच्या रेखाटनांतील वाकड्या भिंती आणि जुनी छपरे खऱ्या वृक्षराजीत अशी मिसळून गेली आहेत की, मान उंचावणारा लांबमान्या ‘लांगनेक’ मुलांना त्या वनाचाच रहिवासी वाटतो. ‘होले बोले खेइस’ ही खादाड माणसाच्या आकाराची कचरापेटी तर कागद मागते, तो तोंडाने ओढून घेते आणि आभारही मानते. त्यामुळे स्वच्छतेचा संस्कार खेळातूनच घडतो.

मोठ्यांसाठी ‘योरिस एन द द्राक’ हा लाकडी रोलर कोस्टर आहे, ज्यात दोन गाड्या समांतर रुळांवर शर्यत लावतात. अशा वेगवान खेळांना उंचीची अट असते. वनात मात्र आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे एकत्र रमतात. म्हणून सहकुटुंब जाणाऱ्यांनी दिवसाचा आरंभ याच वनातून, सावकाश चालत करावा.